नुसतं ‘वजन’

काल दुपारी ऑफिसात शेजारच्या टेबलावर नव्यानं आलेल्या मुक्ताचे हात कीबोर्डवरून एकदम वर उचलले गेले, तव्याचा चटका बसल्यासारखे.

“ताई, मी नुसतं करून बघत होते,” ती म्हणाली. “वजन दहा टाकलं, तर पेशंटच्या नोंदीतच दहा झालं!”

आमचा प्रोग्राम लहान मुलांच्या औषधाचे डोस काढतो. तो लिस्प नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे. पूर्वी त्यात दरवेळी ‘या पेशंटच्या नोंदीतलं वजन’ असं लांबलचक लिहावं लागे. कंटाळून मी एक मॅक्रो, म्हणजे थोडक्यात लिहिलेलं पूर्ण करून देणारा तुकडा, लिहिला. आपण नुसतं ‘वजन’ लिहायचं, बाकीचं तो आपोआप भरतो. तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. मुक्ताला मात्र ‘वजन’ म्हणजे आपल्या कच्च्या कागदावरचा आकडा वाटला, आणि तिनं टाकलेले दहा थेट नोंदीत गेले.

नोंद चाचणीसाठी केलेल्या खोट्या पेशंटची होती. तरी मी आधी तिचं जुनं वजन परत भरलं. ते लांबलचक लिहिताना निदान दार वाजवल्यासारखं व्हायचं, आत कुणीतरी झोपलंय हे हातांना आठवायचं. घरच्या माणसांच्या खोलीतही आपण सवयीनं असेच न विचारता शिरतो, आणि काय हलवलं ते आपल्याला कळतही नाही.

“मॅक्रो काढून टाकायचा का?” मुक्तानं विचारलं.

मी जुन्या नोंदींची यादी उघडली. वर्षभर मीही असंच नुसतं करून बघत आले होते, आणि माझ्यासमोरच्या काही नोंदी खऱ्या मुलांच्या होत्या.