चौथ्या टेबलावरचं रक्त

तीन वर्षं मी कोंबडीला माणूस समजत होते. म्हणजे तिच्या रक्ताला. पनवेलच्या कॉलेजात झूलॉजी शिकवणारी, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्याही वर नाक, अशी तेव्हाची मी. माणसाच्या आणि कोंबडीच्या रक्ताच्या स्लाइड्स मीच एका दुपारी बनवल्या आणि लेबलं चुकून उलटसुलट चिकटवली. 'मानवी रक्त', अक्षर झकास. मग मायक्रोस्कोपला डोळा लावायचा कशाला? नातीला हे सांगते तेव्हा ती पोट धरून हसते.

आमच्या प्रॅक्टिकलला 'स्पॉटिंग' असतं. दहा टेबलं, दहा वस्तू. बेल वाजली की पुढे सरकायचं, वस्तू ओळखून दोन ओळी लिहायच्या. चौथ्या टेबलावर दरवर्षी रक्त. मुलं सीनियर्सकडून टेबलांची उत्तरं नंबरवार पाठ करूनच यायची.

तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी अकरावीच्या एका मुलीला फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला बसू दिलं. कोन गावची सुगंधा. डॉक्टर व्हायचं म्हणून कॉलेजचा अभ्यास आत्ताच हवा होता तिला. अट एकच, पहिल्या टेस्टला वीसपैकी बारा, नाहीतर बंद. आधी बारावी तर होऊ दे, असं मी स्टाफरूममध्ये ऐकवलंही.

तिला अकरा पडले. चौथ्या स्पॉटला तिनं लिहिलं होतं, 'पक्ष्याचं रक्त. पेशी लांबट, मध्ये केंद्रक.' मी लाल पेनानं दोनपैकी शून्य दिलं आणि समाधानानं चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी ती दारात. रडणं नाही, भांडण नाही.

"मॅडम, एकदा बघता का?"

बघितलं. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, हे मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. इथे पेशीपेशीतला ठिपका मला डोळा मारत होता. फर्स्ट इयरच्या अख्ख्या वर्गानं 'मानवी' लिहून मार्क नेले होते. बघितलं होतं एकटीनं.

पेपर घेऊन प्राचार्यांकडे गेले. "सर, नापास मी झालेय."

"मग तुम्हाला बसवू का फर्स्ट इयरला?" ते म्हणाले, आणि अकराचे तेरा करून सही केली.

सुगंधा आता एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी शिकले ते एवढंच: स्वतःचं अक्षर ओळखीचं असलं तरी आत डोकावावं. त्या दिवशी मी तिला सॉरी म्हटलं, तर ती दप्तर खांद्यावर टाकत म्हणाली,

"सॉरी नको मॅडम, लेबल आजच बदला. पुढल्या वर्षी माझी बईन येनार हाय, ती माझ्यासारकी हळू नाय बोलत."