माप बसवणारे सोपानराव

रहाटणीत, काळेवाडीकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत, कुणाच्या घरी ताप शिरला की लोक सोपानरावांचं दार दाखवायचे. तिसरा मजला, जिन्यासमोरचंच. "भाऊंनी बायकोला घरच्या घरी बरं केलं, दवाखान्याचं तोंड बघू दिलं नाही," असं सांगायचे. सांगणाऱ्यांत सगळ्यात पुढे खुद्द त्यांची बायको पद्मा. आणि ती सांगायला लागली की सोपानराव उठून मोरीत जायचे, उगाच नळ सोडून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, काय विनयशील माणूस! विनय कसला बोडक्याचा. त्या माणसाला तिथं बसवत नव्हतं.

सोपानराव मूळचे औशाकडचे. तरुणपणी कामाला चाकणला आले ते इकडचेच झाले. गाड्यांच्या पिना आणि शाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात ते फायनल इन्स्पेक्शनला होते. म्हणजे माल ट्रकमध्ये चढायच्या आधी शेवटचं माप घेणारा माणूस. गेजच्या काट्यानं हो म्हटलं तर माल ओके, नाही म्हटलं तर लाल डब्यात. ऐकायला किती सोपं! पण महिनाअखेर असते, गेटवर ट्रक उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न बडवत असतो, आणि नेमका पीस ठरल्या मापाच्या केसभर बाहेर जातो. मग सुपरवायझर खांद्यावर हात टाकून म्हणतो, "सोपानराव, परत मापा की राव."

आता ह्या 'परत मापा'चा अर्थ त्या कारखान्यांच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही कळतो. पीस फडक्यानं पुसायचा, जरा फिरवून धरायचा, गेज झिरोला आणायचा, अंगठ्यानं किंचित दाबायचा. दुसऱ्यांदा नाही तर चौथ्यांदा काटा हवा तिथं येतोच. ह्याला लाइनवर 'रीडिंग बसवणं' म्हणतात, आणि सोपानरावांचा त्यात हात धरणारा कुणी नव्हता. माणूस लबाड नव्हता हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बसवलेल्या रीडिंगची एक पिन कधी परत आली नाही, कुणी कधी जाब विचारला नाही, म्हणून केसभरानं काही बिघडत नाही हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. घरी येऊन ते सुखानं जेवायचे आणि सुखानं झोपायचे.

पद्माचं सगळंच उलट, खणखणीत. पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीतल्या घरांत पोळ्या लाटायला जायची. पायी जायची, पायी यायची, आणि वर भाजीची पिशवी घेऊन तीन मजले एका दमात चढायची. तिचं हसणं खालच्या दुकानात ऐकू यायचं. एकुलती लेक भाग्यश्री निगडीला दिलेली. सासर चांगलं, तिला नुकतंच बाळ झालेलं.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा कारखाना चालूच होता. लाइनवरचा निरंजन, सोपानरावांच्या शेजारच्या टेबलावरचा, स्वतः स्कूटरवर बसून दवाखान्यात गेला. आठवड्यानं त्याच्या बायकोच्या हातात त्याचा मोबाइल आणि चपला दिल्या. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही बिचारीला. त्या बातमीनं सगळी लाइन गारठली. आणि त्याच सुमारास सोपानरावांना खोकला लागला. महापालिकेच्या केंद्रावर रांगेत उभं राहून दोघांनी नाकातून तपासणी करून घेतली. दोघंही पॉझिटिव्ह.

सोपानरावांची चव गेली, अंग ठेचून निघालं, आणि चार-पाच दिवसांत ते उठून बसले. पद्मा मात्र खचत गेली. खोली एकच, मध्ये साडीचा पडदा. पडद्यामागून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, निरंजनभाऊगत मला तिकडं टाकून येऊ नका. काय व्हायचं ते हितं होऊ द्या. घ्या भाग्यश्रीच्या गळ्याची शपथ."

"काहीतरीच काय बोलतीस?"

"घ्या म्हणते ना!"

घेतली. न घेऊन सांगतात कुणाला? भीती त्यांनाही तेवढीच होती. उलट शपथ घेतल्यावर त्यांना जरा बरंच वाटलं, कारण आता दवाखान्यात न नेण्याला कारण मिळालं होतं.

ऑक्सिमीटर मेडिकलवाल्याच्या हातापाया पडून मिळवला. महापालिकेतून रोज सकाळी एका बाईंचा फोन यायचा. ताप किती, ऑक्सिजन किती. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर लगेच सांगा, ॲम्ब्युलन्स पाठवतो. सुरुवातीला आकडे चांगले आले. मग एका सकाळी त्यांनी पद्माच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं आणि आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

सोपानरावांनी काय केलं? तेच, जे हातांना ठाऊक होतं. बोट पदरानं पुसलं. यंत्र बंद करून चालू केलं. बोट बदललं. एकोणनव्वद. तळहात चोळून, तोंडाची वाफ घालून ऊब आणली. नव्वद. "सरळ बस जरा, मोठा श्वास घे." एक्क्याण्णव. अंगठ्याला लावून थोडं फिरवून धरलं. आकडा हलला, वर गेला, क्षणभर चौऱ्याण्णववर थांबला, आणि त्यांनी झटकन यंत्र काढून घेतलं. तेवढ्यात फोन वाजला.

"चौऱ्याण्णव, मॅडम," सोपानराव म्हणाले.

"बघा, किती जीव टाकतात माझ्यावर," पद्मा पडल्या पडल्या पुटपुटली. "चार-चारदा मापतात."

असं पुढं रोज चाललं. रोज आकडा बसवायला जास्त वेळ लागायला लागला आणि रोज तो बसला. आपण खोटं बोलतोय असं त्यांना एकदाही वाटलं नाही, हे विशेष! यंत्रानं दाखवलेलाच आकडा सांगत होते ना ते. पहिला दाखवला तो यंत्राचा दोष, शेवटचा दाखवला तो खरा. कारखान्यात हेच चालायचं, तेव्हा घरी का चालू नये?

मग एका दुपारी पद्मानं हाक मारली, "सोपान, ए सोपान, म्हशीला पाणी दाव की रे." ज्या बाईनं लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर नवऱ्याचं नाव उच्चारलं नाही, ती त्यांना एकेरी नावानं हाका मारत होती. ओठ जांभळे पडले होते. सोपानराव ताडकन उठले. तसेच चपला न घालता कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे धावले.

डॉक्टर अंगभर प्लास्टिक घालून आले. आपलं यंत्र लावलं. एक्क्याऐंशी.

"काल किती होतं?"

"चौऱ्याण्णव."

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. "एका दिवसात एवढं घसरलं?" मग त्यांनी स्वतःच फोन लावायला सुरुवात केली. पण आता खाट कुठं मिळणार? पिंपरी नाही, निगडी नाही, चाकण नाही. सगळीकडे तेच उत्तर. शेवटी गल्लीतल्या गणपती मंडळानं वर्गणीतून घेतलेलं ऑक्सिजनचं यंत्र पोरांनी जिन्यावरून उचलून आणलं. इंजेक्शनं डॉक्टर देत राहिले. यंत्र दिवसरात्र घरघरत राहिलं, सोपानराव भिंतीला टेकून तिच्या छातीकडे बघत राहिले, आणि पद्मा वाचली. देव तारी त्याला कोण मारी, असं सगळी चाळ म्हणाली.

वाचली म्हणजे जीव राहिला. छातीचा फोटो काढल्यावर डॉक्टरांनी सोपानरावांना एकट्याला आत बोलावलं. फुप्फुसं आक्रसली होती आणि ती परत मोकळी होणार नव्हती. "सुरुवातीलाच ऑक्सिजन मिळाला असता तर एवढी वेळ आली नसती," असं ते म्हणाले. सोपानरावांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन बायकोला सांगितलं, "होईल म्हणतात हळूहळू."

झालं मात्र नाही. पोळ्यांची घरं सुटली. मोरीपासून ओट्यापर्यंत जायचं तर मध्ये खुर्ची लागे. तीन मजल्यांचा जिना तर तिला जणू कुणी काढूनच घेतला होता. एकदा उतरली, आणि चढताना पोरांनी खुर्चीत बसवून वर आणली, त्यानंतर ती लाजेनं खाली गेलीच नाही. भाग्यश्रीच्या बाळाचं बारसं निगडीला मागाहून थाटात झालं, ते आजीनं मोबाइलवर पाहिलं. दिवसभर गॅलरीत बसायची. हसू आलं तर ते खोकल्यात बुडायचं. पण तक्रार? नाव नको. येईल त्याला कौतुकानं सांगायची, "ह्यांनी घरी बरं केलं मला. नायतर निरंजनभाऊगत गेले असते बघा." आणि सोपानराव मोरीत.

सांगावं असं त्यांना कैकदा वाटलं. तोंडाशी यायचं आणि ते गिळायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, पण ह्या मुठीत निखारा होता. कारखान्यातही त्यांनी रीडिंग बसवणं सोडलं. पहिलं माप तेच माप. सुपरवायझर वैतागला, त्यांना तिथून काढून पॅकिंगला टाकलं. ते मुकाट्यानं खोकी बांधायला लागले.

पुढल्या जानेवारीत पुन्हा घरोघर सर्दी-ताप सुरू झाला. आता मेडिकलमध्ये घरी तपासायचं किट मिळत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या अंबूबाईंनी आपल्या म्हाताऱ्याच्या, चिमाजींच्या, नाकात काडी फिरवली आणि पट्टीवर दोन रेघा उमटल्या. लोकांना साधं पडसं होऊन जात होतं, पण चिमाजींना आधीच दमा. धाप लागली. अंबूबाई नाकाला पदर लावून वर आल्या.

"सोपानभाऊ, तुमीच चला. तुमच्या हाताला गुण हाय. दवाखान्यात मी काय त्यांना नेणार न्हाई."

सोपानराव मास्क बांधून खाली गेले. चिमाजींच्या बोटाला यंत्र लावलं. सत्त्याऐंशी. आणि हात आपोआप उशाच्या फडक्याकडे गेला. बोट पुसायला. तो त्यांनी तिथंच मागे घेतला. यंत्र काढलं, "ह्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," एवढंच म्हणाले आणि जिना चढून घरी आले.

अंबूबाई मागोमाग दारात. "अगं पद्मा, तुझ्या नवऱ्याला सांग की! एकदा लावलं आन् उठले. परत मापा म्हटलं तर ऐकत न्हाईत."

पद्मा गॅलरीतून भिंतीला धरत धरत आत आली. दम घेतला. "अहो, असं काय करता? मापा की परत. माझं न्हाई का चार-चारदा मापलं? पुसून पुसून, ऊब देऊन देऊन मापलं. तवाच मी वाचले ना?"

"त्यानंच तुझा घात झाला," सोपानराव म्हणाले.

मग ते बोलत सुटले, खाली मान घालून, भराभर, थांबलो तर परत गिळू अशा भीतीनं. "आकडा पहिल्यांदाच कमी आला होता. अठ्ठ्याऐंशी. मी तो बसवला, कारखान्यात पीस बसवतो तसा. रोज बसवला. फोनवर रोज चौऱ्याण्णव सांगितलं. ते लोक ॲम्ब्युलन्स पाठवत होते गं, मीच येऊ दिली न्हाई. मावशी, पहिला आकडा खरा असतो. तुमच्या पाया पडतो, त्यांना न्या."

पद्मा खुर्चीत बसली. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"तवाच नेलं असतं तर?" तिनं विचारलं.

सोपानरावांना खोटं बोलता आलं असतं. शपथ तिनंच घातली होती, तेही म्हणता आलं असतं. पण आकडा पहिल्यांदा घसरला तेव्हा खाटा मिळत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं.

"तर आज तू जिना उतरली असतीस," ते म्हणाले.

पद्मानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. अंबूबाईंना म्हणाली, "मावशे, बघत काय राहिलाव? रिक्षा बोलवा."

चिमाजी दवाखान्यात राहिले आणि धडधाकट परत आले. दोन दिवसांनी काठी टेकत एक मजला चढून नवराबायको दोघंही वर पेढे घेऊन आले. अंबूबाईंचे डोळे भरून आले होते. "पद्मा, तुझा नवरा देवमाणूस बघ."

"व्हय मावशे," पद्मा म्हणाली. "तुमच्यासाठी झाला." आणि पेढ्यांचा पुडा तसाच नवऱ्याच्या हातात देऊन ती भिंत धरत गॅलरीत जाऊन बसली.