डाव्या दंडातलं शुभ

माझ्या मायच्या डाव्या दंडात काहीतरी फुरफुरायचं. कातडीखालून किडा सरकत जावा तसं. शेतातून कापूस वेचून आली की ती ओसरीवर बसायची, पदराआड बाही वर करून मला दाखवायची आणि हसायची. आमच्याकडे बाईचं डावं अंग फुरफुरलं की चांगलं घडतं असं मानतात, पुरुषाचं उजवं. त्याच वर्षी मी बारावी पास झाले आणि आदिलाबादच्या कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. माय शेजारणीला म्हणाली, "सांगत होती ना मी, दंड उगाच नाचून नाही राह्यला."

हे आठवलं की मला अजून राग येतो. तो नेमका कोणावर, हे मला तेव्हाही सांगता येत नव्हतं. आता प्रयत्न करते.

पुढच्या हंगामात मायच्या डाव्या हातातून बोंडं सुटायला लागली. भाकर थापताना हात मधेच थांबायचा. अंगठ्याजवळचा मांसल भाग बसत गेला, जणू कोणी तिथून काढून नेलं. बाबा तिला घेऊन तामसीहून बसने आदिलाबादला हाडांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी मानेचा एक्स-रे काढला, पट्टा दिला. पट्ट्याने काही झालं नाही, तेव्हा ते म्हणाले की मानेतलं हाड नस दाबतंय, ऑपरेशन करावं लागेल. नागपूरच्या दवाखान्यात, दिवाळीनंतर.

आणखी दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघांनी तोच एक्स-रे उजेडात धरला आणि तेच सांगितलं. दोन्ही वेळेला मी सोबत होते. माय दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून बसायची, झंपरची बाही कोपरापर्यंत. डॉक्टर म्हणायचे, मूठ आवळा. ती आवळायची. बस. बाही वर करा असं एकानेही म्हटलं नाही. आणि दंडातल्या फुरफुरीबद्दल मायनेही सांगितलं नाही. का सांगेल? शुभ गोष्ट कोणी आजार म्हणून सांगतं का?

ऑपरेशनच्या आधी तिला भावाला भेटून यायचं होतं, मी सोबत गेले. मामा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत कामाला. काही बरंवाईट झालं तर, असं ती बोलली नाही, पण शेवटच्या भेटीला निघावं तसं नवं लुगडं सोबत घेतलं. मामाने तिचा हात पाहिला आणि म्हणाला, "बाई, इथं महिन्यातून एक डाव हैदराबादचा नसांचा डॉक्टर येते. मान कापायच्या आधी त्याले दाखव. दाखवाले काय जाते?"

नसांचे डॉक्टर वयाने लहान होते, तेलुगू बोलायचे, मायशी मोडक्या हिंदीत. त्यांनी पहिल्यांदा जीभ पाहिली. मग सरळ म्हणाले, "अम्मा, बाही वर घ्या." माय माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. ते दंडाकडे बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग मला तेलुगूत म्हणाले की सुई टोचून तपासायचं यंत्र हैदराबादला आहे, तिथे जावंच लागेल. पण इथल्या सोनोग्राफीने आज स्नायू तरी बघून घेऊ.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पोटुश्या बायांची रांग. एकीने मायला विचारलं, "मावशी, कितवा महिना?"

सगळ्या हसल्या. माय पण हसली. "पोटात नाही वं. दंडात हाय लेकरू. उड्या मारून राह्यलं."

आत डॉक्टरांनी दंडावर थंडगार लेप लावून ते यंत्र टेकवलं. मला पडदा दाखवला. चांगला स्नायू काळपट दिसतो, मधून बारीक पांढरे धागे, असं त्यांनी माझ्याच दंडावर यंत्र धरून दाखवलं. मायचा दंड धुरकट पांढरा होता. आणि त्या धुरात मधूनच काहीतरी झटकन हलायचं. इकडे, मग तिकडे.

"ये फडफड कब से है, अम्मा?"

"वो तो अच्छा होता ना साब," माय म्हणाली. "बायां हाथ है."

डॉक्टरांनी यंत्र उजव्या मांडीवर ठेवलं. मांडी वरून शांत होती, काही हलताना दिसत नव्हतं. पडद्यावर मात्र तेच. झटका, मग पुन्हा झटका.

"उजवीत पण?" माय मला म्हणाली. तिचं हसू तिथेच गेलं.

मग पोटऱ्या. मग हनुवटीखालून जीभ. जीभसुद्धा.

डॉक्टरांनी मला सांगितलं: मानेतलं हाड फार तर हाताचं सांगेल. मांडीतली आणि जिभेतली फडफड मान करत नाही. स्नायूंना चालवणाऱ्या नसांच्या पेशीच मरताहेत असं दिसतंय. सुईची तपासणी झाली की पक्कं सांगतो. पण मानेला हात लावू देऊ नका. आणि यावर औषध? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "अम्माला सांगू नको," असंही म्हणाले.

बसस्टँडवर मायने विचारलं, "काय दिसलं?" मी सांगितलं. सगळं. तिचं अंग होतं, मी कोण लपवणारी? परतीची बस उटनूरच्या जंगलात शिरली. तेव्हा ती म्हणाली, "इतके दिवस मी त्याले पाहून हसत होती."

घरी बाबा ऐकेनात. ऑपरेशनने हात तरी परत येईल, मोठ्या डॉक्टरने सांगितलंय. म्हणून आम्ही तिघं पुन्हा हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. मी नसांच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि हसले. बाबांना म्हणाले, "हाथ की सोनोग्राफी? हाथ में बच्चा है क्या?"

रांगेत हेच माय बोलली होती. तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. इथे माझे कान तापले.

मायने पदर खाली सोडला. उजव्या हाताने डावी बाही खांद्यापर्यंत ओढली. वाळत चाललेला दंड, आणि त्यात ती फुरफुर.

"अवं, हे काय करून राह्यली!" बाबा ओरडले.

"तुमी गप बसा. सायेब, मान मंग पाहा. पयले हे पाहा."

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. उजेडाच्या पेटीवर लावलेल्या मानेच्या फोटोकडे बघत म्हणाले, "अम्मा, साडी ठीक करो."

लाज त्यांना वाटली. बघायला हवं तेव्हा वाटली.

बाबांनी मात्र पाहिलं. उजेडात, इतक्या जवळून, बहुतेक पहिल्यांदाच. ते उठले, पेटीवरचा फोटो ओढून काढला आणि काखेत धरला. "चाल," म्हणाले.

मायची मान कोणी कापली नाही. हात परत आला नाही, पुढे बाकीचंही गेलं. पण त्या दिवशी दाराशी मी तिची बाही खाली करायला गेले तर तिने माझा हात झटकला.

"राहू दे तशीच," ती म्हणाली. आणि बाहेर बाकांवर बसलेल्या, पदर घट्ट लपेटलेल्या बायांच्या समोरून, दंड उघडा टाकून, सावकाश चालत गेली.