पेडलवर पाय कोणाचा?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. पण एका जीपच्या ब्रेक ऑइलसाठी मी जेवढा हट्टाला पेटलो, तेवढा कधीच पेटलो नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. माणसं हयात नसली तरी त्यांची मुलंबाळं आहेत.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी परसवाड्याला ठाणेदार होतो. तिथून लामत्याच्या बाजूला उतरणाऱ्या घाटात एका जंगल ठेकेदाराची जीप बैलगाडीवर आदळली. एक बैल जागीच मेला, गाडीवानाचा पाय मोडला. आमच्या हवालदाराने ड्रायव्हरला बेड्या घातल्या आणि भर आठवडी बाजारातून चालवत ठाण्यावर आणलं. त्याच्या सदऱ्याला मोहाच्या दारूचा भपकारा येत होता. हवालदाराच्या मते तपास तिथेच संपला होता.

ड्रायव्हर तिशीतला, बौद्ध. दीक्षा घेतल्यापासून दारूला शिवलो नाही, असं तो सांगत होता.

"घाटात पेडल एकदम खाली टेकलं साहेब. गाडी थांबल्यावर म्या ब्रेकच्या तेलाचं झाकण खोललं, तं तेल उसळून अंगावर आलं. वास त्या तेलाचा हाये, माह्या तोंडाचा नाही."

ठाण्याचं लिखाण करणारा मुन्शी खो खो हसला. "म्हणजे गाडी पिऊन होती! लिहा साहेब रोजनामच्यात!"

ड्रायव्हर त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हता. "जेलात टाका साहेब. पण दारू पेलो असं लिहू नका. वस्तीत मी दुसऱ्याची दारू सोडवतो. उद्या कोन्त्या तोंडानं जाऊ?"

मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. विडीचा वास होता, दारूचा नव्हता. दवाखान्यात गाडीवानाचा जबाब घेतला, तर तो कण्हत म्हणाला, "थो तं दुरूनच बोंबलत होता साहेब, बाजूले व्हा, बाजूले व्हा! पेलेला माणूस असा बोंबलते का?"

पण सकाळी मिस्त्रीने जीप तपासली आणि ब्रेक ठणठणीत लागले. आता सगळेच म्हणू लागले, ड्रायव्हर खोटारडा. जिल्ह्याहून वरिष्ठांचा फोन आला: दारूचा वास आहे, जखमी आहे, ब्रेक चांगले आहेत, कोर्टात चालान लावा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, तपास माझ्याकडे आहे, मोकळं कधी व्हायचं ते मी पाहतो. पलीकडून फोन आदळल्याचा आवाज आला.

त्याच दुपारी ठेकेदार जीप सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या लेखी हमीवर, मागायला आला. गाडी आजच पाहिजे, कामं खोळंबलीत, एकच धोशा. गाडीवान कसा आहे, आपला ड्रायव्हर जेवला का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. माणूस काय विचारतो यापेक्षा काय विचारत नाही, याकडे पोलिसाने कान ठेवावा. मी जीप दिली नाही. तो गेल्यावर पायाखालचा पत्रा उचलून ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं. आत एरंडेल आणि मोहाची दारू, दोन्हींचा वास. पळीभर तेल काढून चुलीवर धरलं तर लगेच फसफसून उतू गेलं. खरं ब्रेक ऑइल इतक्यात उकळत नाही. घाटात सतत ब्रेक लावून चाकं तापली की या मिश्रणाची वाफ होणार आणि पेडल पोकळ होणार. गाडी थंड झाली की पुन्हा सगळं ठीक. मिस्त्रीला म्हणूनच काही सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर बसूनच ब्रेकच्या तेलात दारू कशी आली ते विचारलं. त्याने वेळ घालवला नाही.

"डायवरनंच टाकलं असंल साहेब. सुटीवर जायच्या आधी ब्रेकचं तेल बदललं थ्यानं, इथंच अंगणात. एकट्यानंच केलं सारं. म्या ओसरीतून पाहिलं ना!"

इथे तो फसला. माझ्याकडे एक जुनी मोटार होती आणि तिचं ब्रेक ऑइल मी घरीच बदलत असे. नवीन तेल भरलं की नळ्यांतली हवा काढावी लागते. एकाने सीटवर बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून हवा सोडायचं निपल सैल करायचं. बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की निपल आवळायचं, मगच वरचा पाय उचलायचा. नाहीतर हवा परत आत. आमच्या घरी पेडलवर बायको असायची आणि प्रत्येक चाकाला माझा उद्धार करायची. त्या जीपचं काम एकट्याने होण्यासारखं नव्हतं.

"पेडलवर पाय कोणाचा होता?" मी विचारलं.

"कोनाचा म्हंजे? लागतेच कोन?"

"चाकाजवळ झोपलेल्या माणसाचा पाय पेडलपर्यंत पोचतो का?"

तो उगाच नोकरावर ओरडला, चहा काहून नाही आला म्हणून. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे तोंड दुसऱ्याच माणसाने उघडलं. दाराआडून त्याची बायको अंगणात आली.

"माहा पाय होता साहेब."

"तू अंदर जाय!" ठेकेदार उठला.

"नाही जात. थो पोरगा सुटीवर होता, गोंद्याहून तेल आलं नव्हतं. एरंडीच्या तेलाची बाटली म्याच दिली यायले. पहिल्या धारेची यायनं मिसळली. लढाईच्या वक्ती असंच चालवत म्हने. हे खाली झोपून 'दाब' म्हनत, 'धरून ठेव' म्हनत. नट कसल्याबिगर पाय उचलला तं दोनदा खेकसले माह्यावर."

हे शेवटचं वाक्य पेडल दाबलेल्या माणसालाच ठाऊक असणार. ठेकेदार मटकन खाटेवर बसला. ती त्याच्यासमोरच उभी राहून बोलत राहिली. "थो पोरगा आमच्या घरच्या लग्नातबी पेत नाही. थ्याले दारुड्या म्हनवाले मी माहा पाय नाही देत." त्या बाईपुढे मला माझ्या वर्दीचा दिमाख फिका वाटला.

ठेकेदाराने सगळं कबूल केलं आणि गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. ड्रायव्हरला सोडलं. पण तो ठाण्याच्या पायरीवरून हलेना.

"जा ना बाबा, सुटलास."

"असा नाही जात साहेब. बेड्या घालून बाजारातून आनलं मले. साऱ्याइनं पाह्यलं. आता बाजारातच सांगा."

मुन्शी पुटपुटला, अशाने पोलिसांची पत जाईल. मी त्याला म्हटलं, खोट्यावर उभी असेल तर जाऊ दे.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी पूर्ण वर्दीत त्याच्यासोबत त्याच वाटेने चालत गेलो, हवालदारालाही बरोबर घेतलं. भाजीवाल्यांच्या रांगेत उभा राहून मोठ्याने सांगितलं, हा माणूस प्यालेला नव्हता, चूक आमची होती. काही जण हसले, काहींनी माना खाली घातल्या. ड्रायव्हर मात्र मान ताठ ठेवून प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहत उभा होता.

वरिष्ठांनी जाब विचारला आणि पुढे माझी बदली लांजीला केली. गेलो. वळकटी बांधायला कितीसा वेळ लागतो? लांजीतही माणसंच राहतात.

ठाण्यातून सुटलेला माणूस गावातून सुटलेला नसतो, हे त्या ड्रायव्हरने मला शिकवलं. आरोप चारचौघांत करायचा आणि सुटका कागदावर गुपचूप, हा न्याय मला मान्य नाही. बाजारातल्या त्या कबुलीने पोलिसांचा कमीपणा झाला असं आजही कोणी म्हणतं. म्हणोत. मला पुन्हा त्या बाजारात उभं केलं तर मी पुन्हा तेच सांगेन, आणि या वेळी आणखी मोठ्याने.