राग न येण्याची विद्या

बी.ए.चा निकाल लागला त्या उन्हाळ्यात वडिलांनी मला धाकट्या बहिणीच्या सासरी पाठवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मी गेलो तर डोकं फिरंल आन् हाय ते बिघडंल. तू शिकल्यालास, तुला राग येत न्हाई. तूच जा."

मला राग येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

पुण्याला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. तिसगावाकडच्या शाळेतून आलेला, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला मुलगा मी. वसतिगृहात माझ्या बोलण्याची नक्कल व्हायची. पहिलं वर्ष मी मनातल्या मनात धुमसत काढलं. दुसऱ्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी जुन्या रोममधल्या एका पंथाचे विचार शिकवले आणि मला हात धरून कुणी पाण्याबाहेर काढावं तसं झालं. त्या लोकांचं म्हणणं असं, की राग म्हणजे अंगात शिरणारं वारं नव्हे. तो आपणच दिलेला एक निवाडा असतो. 'माझ्यावर मुद्दाम अन्याय झाला आहे, आणि करणाऱ्याला त्याचं फळ मिळायला हवं,' हे मन आधी कबूल करतं, मग कानशिलं तापतात. तो निवाडा मागे घेतला की राग उतरतो. शिवाय माणसाची खरी मत्ता म्हणजे त्याचा चांगुलपणा. तो दुसऱ्या कुणाला हिरावून नेता येत नाही, मग रागवायचं कशाला? मी हे करून पाहिलं आणि खरोखर गुण आला. नक्कल चालली असताना मी शांत बसायला शिकलो. पुढे नक्कल करणारेच कंटाळले. त्या प्राध्यापकांचे उपकार मी आजही मानतो.

ग्रीकांमधला एक निराळा विचारही अभ्यासाला होता. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य तेवढंच रागावणं हे चांगल्या माणसाचं लक्षण, आणि रागवायला हवं तिथेही जो रागवत नाही तो मूर्ख, असा तो विचार. तो मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्यावर पेपरात टीपही लिहिली.

बहिणीची गोष्ट अशी होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बारशाला सासरहून कुणी आलं नाही. सव्वा महिना झाला, मग दिवाळी झाली, मग संक्रांत. तिला न्यायला कुणी येईना. पोर चालायला लागली, दीड वर्षाची झाली. मग उडत उडत कानावर आलं, की तिकडे दुसरी मुलगी बघतायत आणि लग्नसराई संपायच्या आत बार उडवणार. त्या वेळी दुसऱ्या लग्नाला कायद्याची आडकाठी नव्हती. बहीण बोलत काहीच नव्हती. मी निघालो तेव्हा मात्र दारापर्यंत आली आणि म्हणाली, "दादा, मला नांदायचंय. पन सवतीच्या हाताखाली न्हाई."

माझ्यासोबत आत्या निघाली. ती वडिलांची थोरली बहीण. हे लग्न तिनेच जुळवलं होतं. युद्धाचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळे कोळशाच्या गॅसवरची सर्व्हिस मोटार धापा टाकत जामखेडला पोचली. तिथून एका बैलगाडीनं खर्ड्याच्या वाटेला लागलो आणि शेवटचे दोन कोस भर उन्हात चाललो. वाटभर मी आत्याला समजावत होतो, की तिथे आवाज चढवायचा नाही, दोन्ही बाजू ऐकायच्या.

"बरं," आत्या म्हणाली. सबंध वाटेत ती तेवढंच बोलली.

बहिणीच्या सासऱ्यांनी आमचं हसतमुखानं स्वागत केलं. ओट्यावर घोंगडी टाकली. शेजारचे दोन म्हातारे आधीच येऊन बसले होते. आतून गूळ आणि दोन तांबे पाणी आलं. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या एका दमात संपवला. आत्यानं आपला तांब्या बाजूला सारून ठेवला. मला वाटलं, तिला तहान नसेल. दोन कोस उन्हात चालून आल्यावर!

मग मी माझं बोलणं सुरू केलं. पुण्यात कमावलेल्या मराठीत म्हणालो, की अशा प्रकरणात दोष सहसा एकाच बाजूचा नसतो, आपण मोकळ्या मनाने विचार करू, आपली अडचण काय आहे ती आम्हाला समजून घ्यायची आहे. सासरे खूष झाले.

"बगा!" ते म्हाताऱ्यांना म्हणाले. "शिक्षनाची गोष्टच न्यारी. आमच्यातला गडी असता तर वट्यावर चडायच्या आदी आयमाय काडली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगी झाली ह्यात तुमच्या भनीचा काय दोस? पन घराला वारस लागतोय. आमी एक ठिकान बगितलंय. तुमची भन बी येऊ द्या, तिला काय आमी भाकरीला महाग करनार न्हाई. दोगी राहतील गुन्यागोविंदानं."

"तुमची बाजू मी समजू शकतो," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

"मंग झालं तर! तुमी पानी प्यालात तवाच वळाकलं, पाव्हन्यांच्या मनात काय न्हाई. ह्या दोगांच्या देखत झालं. उद्या कुनी म्हनाया नको, इचारलं न्हाई म्हनून."

मी आत्याकडे पाहिलं. 

"प्यालास न्हवं घटाघटा?" ती म्हणाली. "आता घे जेवून, आन् जाताना सवतीला साडीचोळी करून जा."

"आत्या, पाण्याचं काय?"

"ज्याच्या दारी गाऱ्हानं घिऊन जायाचं, त्याचं पानी निकाल हुईस्तवर घ्यायचं नसतं. शेरडामागचं पोर बी सांगंल. पुन्यात काय शिकलास रं यवडी वर्सं?"

म्हातारे हसले. सासरेही हसले. "इहीनबाई, तुमी बी घ्या की. उनातनं आलाय."

"माजी भाची दीड वरीस वाटंकडं डोळं लावून बसलीय, इवाई. तिला इचारते, मंग घेते."

माझी कानशिलं तापायला लागली. शिकलेल्या गोष्टीला मी जागलो, हे मला आजही सांगावंसं वाटतं. मी थांबलो. ज्या निवाड्यावर हा राग उभा आहे तो खरा आहे का, हे स्वतःला विचारलं. अन्याय झाला आहे का? झाला आहे. मुद्दाम? मुद्दाम, आणि वर हसून. जिच्यावर झाला तिची काही चूक? नाही. रोमच्या लोकांनी सांगितल्याप्रमाणे मी निवाडा तपासत गेलो आणि तो दर वेळी खरा निघत गेला. त्यांच्या हिशेबाने ही जखम माझ्या बहिणीच्या चांगुलपणाला लागत नव्हती. पण तिला नांदायचं होतं. ते काही किरकोळ नव्हतं, आणि ते हिरावून नेता येत होतं. माझ्या डोळ्यांसमोर तेच चाललं होतं आणि मी गूळ खाऊन त्याला मान डोलावली होती.

मी उभा राहिलो. कमावलेली मराठी कुठे गेली कोण जाणे. "मामा, पानी प्यालो ही माजी चूक. रीत मला ठावं न्हवती. पन त्या पान्यावर भनीला सवत आनायचा रुकार मी दिल्याला न्हाई! तिचा गुन्हा सांगा. चोरी केली? उलटं बोलली? कामाला हटली? दीड वर्सात नातीचं त्वांड बगायला ह्या घरातलं एक मानूस आलं न्हाई, आन् तुमी मला वारस सांगता?" शेवटच्या वाक्याला माझा हात खांबावर आपटला. ओट्याखाली बांधलेली शेळी उठून उभी राहिली.

आता कुणी हसलं नाही. दोघांतला थोरला म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "ह्ये मातूर बराबर हाय. पोरगा गुन्हा इचारतोय. असंल तर सांग की."

सासरे घोंगडीचे धागे उपसत बसले. तेवढ्यात गोठ्याच्या बाजूने माझे मेव्हणे आले. डोक्यावर कडब्याची पेंढी तशीच होती, कधीचे उभे होते कोण जाणे. पेंढी त्यांनी खाली टाकली.

"गुन्हा काय बी न्हाई तिचा," ते म्हणाले. मग वडिलांकडे न बघता माझ्याकडे बघून, "पाव्हनं, तुमीच तिला धाडत न्हाई, असं मला सांगितलं हुतं. दोन डाव निगालो हुतो मी. वडील म्हनले, जाऊ नगं, अपमान करत्याल."

"आमी?" आत्या म्हणाली.

"सोमवारी गाडी घिऊन येतो. तिला सांगा." आणि मग, "पोरीला काय म्हनून हाक मारता?"

आत्याने त्यांना नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा पुटपुटून बघितलं. सासरे उठून आत गेले. ते पुन्हा बाहेर आले नाहीत, पण 'नाही'ही म्हणाले नाहीत. थोरला म्हातारा आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आला.

गाव मागे पडल्यावर एका मोटेच्या विहिरीवर आत्याने मोट रिकामी होते त्या थारोळ्याला ओंजळ लावली आणि इतकं पाणी प्याली, की मोट हाकणारा बघत राहिला. मी निंबाच्या सावलीत बसलो होतो. भीती, राग, सगळं एकदम अंगातून उतरत होतं आणि इतकं हलकं वाटत होतं, की मी तिथेच पाच मिनिटं झोपलो.

सोमवारी मेव्हणे आले, बहीण नांदायला गेली. सवत आली नाही. सासरे पुढे दोन वर्षं माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत, नंतर तेही निवळलं. रोमच्या पंथावरचा माझा लोभ अजून आहे. निवाडा तपासायला त्यांनी शिकवलं नसतं, तर त्या ओट्यावर मी नुसता ओरडलो असतो. पण तपासल्यावर जो राग उरतो त्याचं काय करायचं, ते मला त्या परीक्षेपुरत्या टिपेतच शोधावं लागलं.

आम्ही घरी परतलो ती संध्याकाळ मला सगळ्यात जास्त आठवते. बहीण चुलीपाशी भाकरी थापत होती. आत्याने सगळं सांगितलं, पाण्यासकट. सोमवार ऐकून बहिणीने मान डोलावली, पण थापण्याचं थांबवलं नाही. मग आत्या म्हणाली, "आन् ह्यो वरडला गं."

तिचे हात थांबले. "दादा वरडला?"

"खांबावर हात आपटला."

"माज्यासाटी?" तिने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनलास? सांग की. तसंच सांग."

मी सांगायला लागलो, पण ते जमेना. आवाज पुन्हा पुण्याचा झाला. ती पिठाच्या हातांनी मला थांबवत म्हणाली, "आसं नगं. तितं म्हनलास तसं." मग मी उभा राहिलो आणि घरातल्या सगळ्यांसमोर पहिल्यापासून ओरडून दाखवलं. पोर दचकून रडायला लागली. तव्यावरची भाकरी करपली. वडील दारात उभे राहून ऐकत होते. बहीण पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून तिने करपलेली भाकरी उलथली आणि म्हणाली, "सोमवारला अजून चार दिस हायेत. लुगडी धुवाया पायजेत."