कच्च्या चिकूंची लॉबी

भारताचं परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी आमच्या मामेसासऱ्यांना पाहिलेलं नाही. ते ठरतं डहाणूत, आमच्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, मामींचे वाळत घातलेले पापड आणि मामांची वाळत घातलेली लुंगी यांच्या मधोमध. पेपर आला की मामा तो मधूनच उघडतात. पहिल्या पानावर देशातल्या बातम्या असतात, आणि त्या मामांच्या मते 'घरगुती भानगडी'. परदेशाचं पान आलं की चष्मा कपाळावरून नाकावर उतरतो आणि मग जगाचं काही खरं नसतं. चहाच्या पहिल्या कपाला एखाद्या राष्ट्राशी संबंध तोडले जातात. दुसऱ्या कपाला, साखर बरोबर पडली असेल तर, वाटाघाटींचं दार किलकिलं ठेवलं जातं. पाकिस्तानचं नाव निघालं की मात्र साखरेचाही इलाज चालत नसे. "एकदाचा धडा शिकवून टाका!" हे मी लग्न होऊन डहाणूत आले तेव्हापासून ऐकत आले. मामी आतून म्हणायच्या, "आधी त्या नळवाल्याला शिकवा. कधीचा येतो येतो म्हणतोय."

माणूस तसा रेल्वेतला. सगळी नोकरी पार्सल ऑफिसात गेली, चिकूची खोकी दिल्लीच्या गाडीत चढवता चढवता केस पांढरे झाले. पण बोलणं असं की जन्मभर नेमणूक जिनिव्हात होती. तळमजल्यावरच्या जयंतीभाईंनी पाण्याची मोटर आपल्याआधी लावली की मामा जिन्यातून 'तीव्र नापसंती' व्यक्त करतात, तरीही मोटर थांबली नाही तर 'सर्व पर्याय खुले' असल्याचं जाहीर करतात, आणि सगळे पर्याय संपले की बादली घेऊन आमच्याकडे येतात. एकदा वलसाडला लेकीच्या सासरी भर मे महिन्यात ताटात आमरस वाढला नाही, एवढ्यावरून हा गृहस्थ मामींना घेऊन मिळेल त्या गाडीने परत! मी विचारलं, काय हो मामा, इतक्यात आलात? तर म्हणाले, "सूनबाई, आम्ही राजदूत माघारी बोलावला आहे." मामी म्हणाल्या, "राजदूताची पर्स तिथेच राहिली आहे." ती आणायला दुसऱ्या दिवशी मामाच गेले, दोन वाट्या रस ओरपून आले आणि संबंध सुरळीत झाल्याचं सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले.

अशा माणसाला एके दिवशी टीव्हीवर लॉबी म्हणजे काय ते कळलं, आणि आमच्या नशिबी भोग आले. तिकडे अमेरिकेत म्हणे तेलवाल्यांची लॉबी असते, बंदूकवाल्यांची असते, इथून तिथे जाऊन राहिलेल्या लोकांची असते, आणि कुणाशी दोस्ती करायची, कुणावर डोळे वटारायचे हे ते लोक सरकारच्या कानाशी लागून ठरवून घेतात. मामांना ऐकून धक्का वगैरे काही बसला नाही. उलट इतकी वर्षं आपण हे गॅलरीत बसून फुकट करत होतो, याची हळहळ वाटली. "धोरण म्हणजे काय गं शेवटी? ज्याचा माणूस साहेबाच्या दाराबाहेर जास्त वेळ बसतो, त्याचं धोरण!" त्याच संध्याकाळी 'डहाणू-तलासरी परराष्ट्र धोरण दबावगट' स्थापन झाला. अध्यक्ष मामा. चिटणीस मी, कारण मी शाळेत शिकवते आणि माझं अक्षर चांगलं. मामी सभासद नव्हत्या, पण चहा त्यांच्याशिवाय होत नसल्यामुळे नकाराधिकार त्यांच्याकडे होता.

जयंतीभाई आले ते आपल्या वाडीतल्या चिकूसाठी. त्यांचा चिकू आखाती देशांत जायला हवा होता. "मामा, दुबईवाल्याने एकदा आपला चिकू चाखला ने, तर खजूर सोडून देल!" असं म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. आणि यमुनाबाई गटात आल्या त्या टोपली उतरवायला जागा हवी म्हणून. झाईहून मासळी घेऊन येणारी ही बाई सगळ्या बिल्डिंगला बोंबील पुरवते आणि कोणाचं ऐकून घेत नाही. मामा आखाती देशांचा नकाशा समजावून सांगायला लागले की ती म्हणायची, "मामा, तुमची ती लॉबी-फिबी राहू द्या. पापलेट ताजं आहे, घेता का बोला. नंतर मांजर नेईल." मामा तिला 'विरोधी पक्ष' म्हणत. पण ती आली नाही त्या दिवशी बैठक लवकर आटपायची.

मग एकदा ती आठवडाभर आलीच नाही. आली तेव्हा डोक्यावर टोपली नव्हती. तिचा मुलगा नितीन गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी पोरं हंगामाला तिकडे जातात. जाळ्यामागे जाता जाता बोट हद्दीपलीकडे गेली की काय झालं देव जाणे, पाकिस्तानच्या गस्तवाल्यांनी बोटीसकट सगळ्यांना धरून नेलं होतं. बोटवाल्याचा फोन आला, एवढंच तिला माहीत. "कराचीला आहे म्हणतात," ती मामांना म्हणाली. "तुम्ही रोज त्या लोकांशी बोलता ना इथनं? मग आता बोला." कोणाला हसू आलं नाही. मामांनी पेपरची घडी केली, परत उघडली, परत घडी केली.

जयंतीभाई चांगला माणूस, पण व्यापारी. ते म्हणाले, ठीक आहे, दिल्लीला कळवू या ने, चिकू पण कळवू, पोरगा पण कळवू. मामा ताडकन उठले. "नाही! एका लॉबीची एकच मागणी. दोन मागण्या घेऊन गेलं की दिल्ली तिसरीच मान्य करते!" चिकू रद्द झाला. जयंतीभाई रुसले, दोन दिवस पाण्याची मोटरसुद्धा लावेनात. तिसऱ्या दिवशी स्वतःच वर आले आणि म्हणाले, "मागणीत नाय तर नाय. पण हात हलवत जाणार का दिल्लीला? पेटी माझ्याकडनं." मामांनी त्यांना मिठी मारली. मामींनी मात्र विचारलं, "अहो, ही लाच नाही का?" मामा म्हणाले, "लाच म्हणजे काम झालं तर द्यायची. हे काम होवो न होवो, चिकू पिकणारच."

पेटी कोणाला पाठवायची याबद्दल मामांना शंका नव्हती. जन्म पार्सलात गेलेला. "मंत्र्याला सलाम ठोकावा, पण पार्सल हलवतो तो टेबलावरचा माणूस." फोनवर फोन करून त्यांनी मच्छीमार कैद्यांचं काम बघणाऱ्या बाई शोधून काढल्या. चिकू झाडावर पिकत नाही. तो कडक उतरवायचा, धुवायचा, पेटीत भरायचा, आणि गाडीने दिल्लीला पोचेपर्यंत तो हातात मऊ लागतो, हे मामांचं आयुष्यभराचं गणित. पण जयंतीभाईंचं प्रेम उतू चाललेलं. त्यांचा पुतण्या विमानाने दिल्लीला निघाला होता, त्याच्याबरोबर त्यांनी पेटी परस्पर देऊन टाकली. सकाळी झाडावर असलेला चिकू संध्याकाळी परराष्ट्र खात्यात! दगडासारखा!

दुसऱ्या दिवशी फोन आला. मामांनी स्पीकर लावला. बाईंचा आवाज तापलेला. "आपने ये क्या भेजा है? पहली बात, हम गिफ्ट नहीं लेते. दूसरी बात, हमारे सेक्शन में दो लोगों का मुँह चिपक गया है!" मी कपाळावर हात मारला. मामींनी देवाचं नाव घेतलं. आणि मामा? मामा खुलले! "मॅडम, वो अभी कच्चा है. फेको मत. कागद में लपेटके पेटी बंद करो. रोज एक को देठ के पास दाबके देखो. नरम लगा तो पूरे ऑफिस को बांटो, फिर वो गिफ्ट नहीं रहेगा, प्रसाद हो जाएगा. हम कल फोन करता है, पका क्या पूछने को."

आणि खरंच रोज केला. चिकूवाल्याने चिकूची चौकशी केली तर कोण नाही म्हणणार? "आज दबा क्या मॅडम? नहीं? कोई बात नहीं. और वो अपने नितीन का कागज? वो भी नहीं दबा? ठीक है, कल देखेंगे." चौथ्या की पाचव्या दिवशी बाई हसत म्हणाल्या, पिकले, सगळ्यांनी खाल्ले, फार गोड आहेत. मग आपणहून म्हणाल्या, तुमच्या मुलाचं अडलंय ते वेगळ्याच कारणाने. आपले अधिकारी तुरुंगात जाऊन सगळ्यांना भेटले, गाव विचारलं. याने सांगितलं, उंबरगावजवळ. गुजरातेत उंबरगावला चौकशी गेली, तिथून उत्तर आलं की या नावाचा मुलगा आमच्याकडे नाही. आता तो भारताचा आहे हेच सिद्ध होत नाही, तर परत कसा मागणार?

हे आमच्याच भागात होऊ शकतं! झाई महाराष्ट्राचं शेवटचं गाव, पलीकडे लगेच गुजरात. परक्या माणसाला झाई सांगून काय कळणार, म्हणून तिथला जो तो 'उंबरगावजवळ' सांगतो. यमुनाबाई मटकन खालीच बसल्या. "मीच शिकवलं त्याला! महालक्ष्मीच्या जत्रेत न्यायची ना, तर सांगायची, बाबा, हरवलास तर झाई सांगू नको, कोणाला कळत नाही. उंबरगावजवळ सांग." आणि ती बाई, जिने कधी डोळ्यात पाणी आणलं नाही, ती पदर तोंडात कोंबून रडली. मामा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "अगं, बरोबरच शिकवलंस. आईने सांगितलेलं एवढ्या मोठ्या लोकांसमोर पण विसरला नाही पोरगा."

मग आम्ही तलासरीला गेलो, नितीन झाईचा आहे असा दाखला तिथल्या पोलिसांकडून दिल्लीला जायला हवा होता. साहेब दौऱ्यावर होते, वाट बघा म्हणाले. मामांनी बाहेरच्या बाकावर बसून दबाव टाकायला सुरुवात केली, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला राष्ट्रसंघ समजावून सांगू लागले. त्याने काही हललं नाही. पण यमुनाबाई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन आल्या होत्या, येताना विकायचे म्हणून. त्यांनी ती बरोबर दाराच्या तोंडाशी ठेवली आणि शेजारी बसल्या. ऊन चढलं तसा बोंबील बोलायला लागला. आतला माणूस दोनदा खिडकी उघडायला आला, तिसऱ्यांदा मुकाट्याने म्हणाला, "मावशी, काय काम आहे तुमचं? साहेबांना फोन लावतो." मामा परतीच्या रिक्षात मला म्हणाले, "बघितलंस? आपण चिकू घेऊन बसलो. खरी लॉबी हिची."

दाखला गेला. पण दाखला गेला म्हणजे माणूस आला असं नाही. मध्ये दोन्ही देशांचं काहीतरी बिनसलं, टीव्हीवर आरडाओरडा सुरू झाला, आणि सोडायचे ठरलेले लोकही अडकले. त्यातच बाईंची बदली झाली. नवीन साहेबांना ना चिकू माहीत, ना डहाणू. मामांनी फोन लावला तेव्हा यमुनाबाई गॅलरीतच होत्या. पलीकडून रूक्ष आवाज आला, तुम्ही कोण, आम्ही फक्त नातेवाइकांशी बोलतो. मी म्हटलं, आता दबावगटाचं लांबलचक नाव येणार आणि फोन आपटला जाणार. मामांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "जी, मैं लड़के का मामा बोल रहा हूँ."

मग तो माणूस म्हणाला, "बोलिए मामाजी."

फोन ठेवल्यावर मामा यमुनाबाईंकडे बघेनात. "खोटं बोललो गं. रागावू नको," म्हणाले. ती म्हणाली, "खोटं कसलं? सख्खा भाऊ तरी माझा एवढं कुठे करतोय?" आणि टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट काढून मामींच्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत. यमुनाबाईंनी पैसे घेतले नाहीत असं आमच्या बिल्डिंगमध्ये त्याआधी कधी घडलं नव्हतं.

नितीन सुटला. खूप महिन्यांनी सुटला, बाकीच्यांबरोबर सुटला, आणि त्यात आमच्या लॉबीचा हात किती हे परमेश्वराला ठाऊक. आम्ही सगळे उंबरगाव स्टेशनवर गेलो होतो. मामांनी भाषण तयार केलं होतं, सूट घातला होता आणि उन्हाने त्यांचं भरीत झालं होतं. पोरगं उतरलं ते केवढंसं, वाळलेलं, हातात पिशवी. आईने त्याला कवटाळलं, मग दंडाला धरून मामांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "पाया पड. मामा आहे तुझा." मामांचं भाषण त्या प्लॅटफॉर्मवरच राहिलं.

पुढच्या हंगामाला नितीन पुन्हा बोटीवर गेला. जाऊ नको म्हणून मामांनी आकाशपाताळ एक केलं, ओळखीच्या चार ठिकाणी नोकरीसाठी शब्द टाकला. त्याने ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "मामा, मला दुसरं काय येतं?" दबावगट आता नावालाच आहे. जयंतीभाई कधीमधी दुबईचा विषय काढतात. मामा अजूनही पेपर मधूनच उघडतात, पण राष्ट्रांशी संबंध तोडत नाहीत. परवा शेजारच्या देशाशी पुन्हा काहीतरी वाजल्याची बातमी होती, मोठ्या अक्षरांत. मी चहा घेऊन गेले होते, म्हटलं, आता मामा गरजणार. पण मामांनी पेपर बाजूला ठेवला, कप हातात घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, भांडू नका म्हणावं गं त्यांना. आपला नितीन बोटीवर आहे."