वरच्या खोलीतली टीचर

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी बाहेरून बसले होते आणि राहायला होते ब्राह्मणपुरीजवळच्या एका गुजर शेतकऱ्याच्या घरी. केळी, ऊस, कापूस, दारात गाड्या. काय काम करतेस म्हणून कुणी विचारलं की मी सांगायचे, शिकवणी घेते. पण शिकवणीची बाई तास संपला की आपल्या घरी जाते. मी जात नव्हते. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीला लागून वरच्या मजल्यावर मला खोली दिली होती.

मुलगी बोलताना अडखळायची. शहाद्याच्या शाळेत पोरं हसायची, म्हणून तिने बोलणंच सोडून दिलं होतं. माझ्या कॉलेजातले एक सर या घराच्या ओळखीचे, त्यांनी मला पाठवलं. मुलीच्या आईला सगळे भाभी म्हणत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "टीचर, तिच्याशी फक्त इंग्रजी आणि शुद्ध मराठी बोलायचं हं. बाकी काही कानावर पडू देऊ नका."

ती माणसं आपसात गुजरी बोलत, मजुरांशी अहिराणी, आणि माझ्याशी शाळेच्या पुस्तकातली मराठी. माझ्या घरची बोली यातली कुठलीच नव्हती. माझं गाव नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागलेल्या डोंगरात. वडील रविवारी गावच्या चर्चमध्ये उपदेश करत आणि एरवी भातशेती.

परीक्षेला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या होत्या. त्यांत एक बाई पुन्हा पुन्हा भेटायची. श्रीमंताच्या घरी राहून मुलांना शिकवणारी, गव्हर्नेस. बहुतेक वेळा ती एखाद्या गरीब धर्मोपदेशकाची मुलगी असे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून एकटीच हसले. नोकर तिला मालकांतली समजून लांब राहत, मालक तिला नोकरांतली समजून विसरून जात. पाहुणे आले की तिने खाली येऊन कोपऱ्यात बसायचं, कुणी विचारलं तरच बोलायचं. आमच्यात फरक एवढाच, की ती बऱ्या घरातून घसरत तिथे आलेली असायची आणि मी डोंगरातून चढत आले होते. ती रडायची. माझ्या वडिलांनी मात्र अख्ख्या चर्चला सांगितलं होतं, पोरगी मोठ्या घरी टीचर आहे.

माझं ताट वर यायचं. त्यात अपमान म्हणावा असं काही नव्हतं. पोळी गरम असे, वर तूप असे. "टीचरला निवांत जेवू द्या," असं भाभी स्वतः सांगत. पण खालून भांड्यांचा, हसण्याचा आवाज यायचा आणि घास तोंडात फिरत राहायचा. एका दुपारी न राहवून मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि स्वयंपाकाच्या मावशीशेजारी जमिनीवर बसले. ती झटकन उठून उभी राहिली.

"मॅडम, आठे नका बठू. भाभी माले बोलस."

मी ताट घेऊन परत जिना चढले. त्यानंतर तसं पुन्हा केलं नाही.

मुलगी मात्र माझीच होती. एकदा मी गच्चीवर आईशी फोनवर बोलत होते आणि ती मागे येऊन उभी राहिली. फोन ठेवल्यावर तिने एकेक अक्षर ओढत विचारलं, "ही कुठली भाषा?"

"आमच्या घरची."

"म-मला शिकवा."

आधी पाणी, भाकरी, पाऊस. मग ओढ्यातल्या खेकड्याची गोष्ट, जी माझी आई मला सांगायची. काही आठवड्यांनी माझ्या ध्यानात आलं, की माझ्या बोलीत ती अडखळत नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या भाषेत तिला अजून कुणी हसलं नव्हतं, एवढं एक कारण मला सुचतं. भाभींना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तिथेच थांबलं असतं, आणि मला ते थांबायला नको होतं. त्या गावात ती बोली दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकू येत नव्हती.

मग शहाद्यात त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत झाली. सुरतेहून पाहुणे आले. मुलीने इंग्रजी कविता म्हणायची, असं भाभींनी महिनाभर आधीच ठरवलेलं. ती मधोमध उभी राहिली आणि पहिल्याच शब्दावर अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकली. बायका मांडीवरच्या मुलांकडे बघू लागल्या. मी दाराशी उभी होते. तिने मला शोधलं, माझ्याकडे बघितलं आणि खेकड्याची गोष्ट सुरू केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातवारे करत, मोठ्या आवाजात, कुठेही न थांबता.

मग सुरतेचे एक काका हसत म्हणाले, "अरे, हे तर आपले मजूर बोलतात!"

त्यांचे मजूर तोरणमाळकडचे, त्यांची बोली वेगळी. पण काकांना सगळा डोंगर एकच.

दुसऱ्या दिवशी भाभी माझ्या खोलीत आल्या. तोवर कधी आल्या नव्हत्या. पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"टीचर, माझी पोरगी पहिल्यांदा न थांबता बोलली."

"हो, भाभी."

"आणि काय बोलली, ते मला, तिच्या आईला, कळलं नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जूनमध्ये मुलीला नाशिकच्या वसतिगृहाच्या शाळेत घातलं. मी बॅग भरून नवापूरला आले. त्या कादंबऱ्यांत बाईचं पुढे लग्न होतं किंवा तिला कुणाची तरी इस्टेट मिळते, आणि शिकणाऱ्या मुलीला लेखक अर्ध्या वाक्यात कुठल्याशा शाळेत पाठवून मोकळा होतो. मला ते अर्धं वाक्य ओलांडता आलं नाही. माझं लग्न झालं, मुलगे झाले, कॉलेजात नोकरी लागली. मुलग्यांना खेकड्याची गोष्ट सांगताना मी मधेच थांबायचे, कारण पुढचं वाक्य मला तिच्या आवाजात ऐकू यायचं. मुलगे म्हणायचे, आई, पुढे काय?

मागच्या वर्षी चिंचपाड्याच्या दवाखान्यात बाकावर शेजारी एक वयस्क बाई येऊन बसल्या. डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्याने बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "टीचर ना?"

भाभी थकल्या होत्या. मुलगी अहमदाबादला, नकाशे काढायच्या कंपनीत. "अजून अडखळते, पण आता कुणाला घाबरत नाही," म्हणाल्या. मग स्वतःच फोन काढून नंबर दिला.

चार-पाच दिवस मी तो नुसता बघत होते. मग रविवारी दुपारी लावला. आवाज मोठ्या बाईचा होता. तिने गच्ची आठवते म्हणून सांगितलं. माझा चेहरा आठवत नव्हता, तेही सांगितलं. मी आमच्या बोलीत खेकड्याच्या गोष्टीचं पहिलं वाक्य म्हटलं. पलीकडे ती संकोचाने हसली.

"काहीच क-कळलं नाही, टीचर. मी खरंच असं बोलायचे?"

"खूप छान बोलायचीस."

मग ती म्हणाली, "तुमचं नाव काय हो? आमच्या घरी कधी कुणी घेतलंच नाही."

मी सांगितलं. तिने ते म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्याच अक्षरावर अडकली. मला तिला मदत करता आली असती. मी फोन कानाला घट्ट धरला आणि ती नाव पूर्ण करीपर्यंत गप्प राहिले.